वांग्याचे सोवळे

ज्या घरात कृष्णाकाठच्या वांग्यांचे बी पिढीजात जपले जाते आणि ज्याच्या शेजारच्या गच्चीवर जळगावची हिरवी भरताची वांगी डुलत असतात, त्या घरातील शिवणयंत्र चालवू शकणाऱ्या व्यक्तीने या सूचना वाचाव्यात. बी जपणारी व्यक्ती वेगळी असते. ती आरामखुर्चीत असते. आमच्याकडे तिला अण्णा म्हणतात. ते माझे सासरे.

प्रथम शत्रू ओळखावा. वांग्याचे फूल बहुतेक वेळा स्वतःचे स्वतः भागवते. पण भुंगा शेजारून येताना पराग घेऊन आला, तर सोवळे मोडते. त्याने यंदाच्या फळाला काही होत नाही. बिघडते ते आतले बी, आणि ते कळते पुढच्या हंगामात, झाडाला धड जांभळे नाही, धड हिरवे नाही असे काहीतरी लागल्यावर. म्हणून ‘कालची भाजी शेजारच्या भुंग्यामुळे मिळमिळीत झाली’ हा अण्णांचा सिद्धांत शास्त्राला धरून नाही. भाजीत मीठ कमी होते. ते डॉक्टरांनी कमी करायला सांगितले आहे. हा परिच्छेद त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नये.

भुंग्याला अडवायला कळ्यांवर पिशवी चढवायची. तिला कापड ऑर्गंझाचे घ्यावे. उजेड आणि वारा आत जातो, भुंगा जात नाही. मलमल सोवळ्याला शोभते खरी, पण पावसात भिजून फुलाला चिकटते आणि कळ्या सडतात. जुनी साडी चालेल. कोणाची, हे कात्री लावण्याआधी विचारावे.

माप: वीतभर रुंद, दीड वीत लांब. पिशवी ऐसपैस हवी. फूल जाळीला टेकले की सोवळ्याचा भरवसा नाही.

ऑर्गंझा सुईखाली घसरते. खाली वर्तमानपत्राचा कागद धरून टीप मारावी आणि मग तो फाडून काढावा. (आजचा पेपर घेऊ नये. अण्णांचे कोडे राहिलेले असते.) या कापडाच्या दशा फार निघतात, म्हणून आधी सुलट बाजूने टीप, मग पिशवी उलटवून आतून दुसरी, कडा आपोआप मिटतात. तोंडाला नेफा, त्यात नाडी. नाडीला सुरगाठ मारावी. अण्णा निरगाठ मारतात, आणि ती सोडवायला मला हाक मारतात.

पिशवी चढवण्याआधी त्या फांदीवरची उमललेली फुले आणि धरलेली फळे खुडावीत; आत फक्त मिटलेल्या कळ्या राहाव्यात. मावा आणि मुंग्या नीट झटकाव्यात. आत राहिलेला मावा खुशाल संसार थाटतो, कारण त्याला खाणारे ढालकिडे बाहेरच अडतात.

आता मुख्य नियम. पिशवी उघडून बघू नये. सकाळी बघू नये, चहानंतर बघू नये, ‘तिला जरा वारा लागू दे’ म्हणून बघू नये, पाहुण्यांना दाखवायला तर मुळीच बघू नये. कापड पारदर्शक आहे, अण्णा! त्याचसाठी ते घेतले!

मात्र एक काम अण्णांनीच करावे. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्रे असतात. भुंगा गुणगुणून फूल थरथरवतो, तेव्हा त्यातून पराग झडतो. वाराही हे काम थोडेफार करतो, पण भुंग्याला बंदी घातल्यावर ते आपल्याकडे येते. ऊन चढले की पिशवीवरूनच देठाला हलकी टिचकी मारावी. नातवंडांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे सराव झाल्यामुळे अण्णांची टिचकी अचूक बसते. माझ्या टिचकीने फूल गळते.

फळ धरले की देठाला लाल दोरा बांधून पिशवी काढावी. त्या फळाला स्वयंपाकघराचा हात लागता कामा नये. ते झाडावरच पिवळे पडून टणक झाले की बी तयार. तोवर रोज कोणीतरी विचारणारच, ‘एवढे चांगले वांगे वाया का घालवता?’ उत्तर द्यायला अण्णा आहेत. तासभर देतात.

शेवटी पिशव्या उलटवून धुवाव्यात आणि कडक उन्हात वाळवून पुढच्या हंगामासाठी ठेवाव्यात. त्यांतल्या दोन अण्णांनी चष्म्याला आणि तपकिरीच्या डबीला परस्पर लावल्या आहेत. त्या मोजणीत धरू नयेत, नव्या शिवाव्यात.