चार खुंट्यांच्या स्पीकरचा यथासांग विधी

स्पीकर भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहावी. तिथे दोनऐवजी चार खुंट्या असतील तर आपण भाग्यवान, म्हणजेच खर्चास पात्र. ब्रिटिश कंपन्यांनी अशा खुंट्या सढळ हाताने दिल्या आहेत. वरची जोडी बहुधा ट्वीटरची, खालची वूफरची; प्रत्येक जोडीला स्वतंत्र अँप जोडायचा, हाच तो विधी. मध्ये दोन धातूच्या पट्ट्या.

पट्ट्या काढाव्यात. हे वाक्य पुन्हा वाचावे. पट्ट्या राहिल्या तर दोन अँप एकमेकांवरच गुरकावू लागतात आणि पुढचा राग धूर गातो. काढलेल्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात ठेवाव्यात. लंडनच्या मराठी घरातही त्यात सुईदोराच असतो.

दुसरा अँप पहिल्याचाच जुळा भाऊ आणावा. गेन वेगळा असेल तर भीमसेनजींचा षड्ज हॅरोमध्ये आणि तंबोऱ्याची जवारी एडिनबरात. घर जुने असेल तर आधी भिंतीतले सॉकेट मोजावेत. इथल्या प्रत्येक प्लगच्या पोटात फ्यूज असतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

आता शास्त्र. स्पीकरच्या पोटातला क्रॉसओव्हर, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर यांची ती भाऊबंदकी, जागचा हलत नाही. त्यामुळे ट्वीटरच्या अँपलाही डग्ग्याचे सगळे व्होल्टेज उचलावे लागते. करंट घ्यायला मात्र पुढे कोणी नसते. वाजंत्री बोलावून वरात फाटकावरूनच परत पाठवण्यातला हा प्रकार. व्होल्टेजची मर्यादा पूर्वीचीच, त्यामुळे 50 वॅटचे दोन मिळून 100 वॅट हा हिशेब फक्त घरात सांगण्यापुरता. आणि खरोखर दुप्पट झाले असते तरी पदरात 3 डेसिबलच.

क्रॉसओव्हर अँपच्या आधी नेला, तर गोष्ट वेगळी. 1973 साली सुरू झालेल्या ग्लासगोच्या लिन आणि सॉल्झबरीच्या नेम या हाय-फाय कंपन्यांनी तसे केले. पण त्यासाठी स्पीकर आतून उघडावा लागतो, आणि इतका उत्साह असणारा माणूस मार्गदर्शन वाचत बसत नाही.

शेवटी श्रवण. आधीची आणि नंतरची पातळी मीटरने सारखी करावी, असे अभियंते सांगतात. करू नये, फरक नाहीसा होण्याचा धोका असतो. डोळे मिटून अर्धा तास मान हलवावी. स्वयंपाकघरातून "अहो, आवाज वाढवलात का?" असे आले, तर शांतपणे म्हणावे, "नाही गं, मंच रुंदावलाय."