तांबड्या दिव्याची नोटीस

जन्मभर मामलेदार कचेरीत बसून इतरांवर नोटिसा बजावलेल्या मनुष्याला, आपल्यावरही कोणी नोटीस बजावू शकते ही कल्पना वार्धक्यातसुद्धा मानवत नाही. आणि ती बजावणारा अधिकारी जर स्टिअरिंगच्या मागे, करंगळीच्या नखाएवढ्या काचेआड बसलेला एक दिवा असेल, तर त्या अपमानाला पारावार राहत नाही. माझी मोटार २००४ सालची आहे. तिच्या कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जे दोष मी सांगणार आहे ते वयाचे आहेत, कुळाचे नव्हेत. पंधरा वर्षांची मुदत संपताच तिची पुनर्नोंदणी झाली, पर्यावरण कराचा भरणा झाला, पुढे २०२४ साली नगरचे अहिल्यानगर झाले, तरी तिच्या पाटीवरचे एमएच-१६ अबाधित राहिले. आणि तितकाच अबाधित राहिला तिच्या प्रकृतीविषयीचा माझा अधिकार.

या अधिकाराला स्थानमाहात्म्याचा आधार आहे. ज्या शहराजवळ, वाहननगरात, लष्करी वाहनांची कसोटी घेणारी संरक्षण खात्याची संशोधन संस्था नांदते, आणि ज्या शहरात रोल्स-रॉईसच्या चिलखती मोटारीपासून १९६५ च्या युद्धातील पॅटन रणगाड्यापर्यंत सारी अवजड मंडळी संग्रहालयाच्या अंगणात मांडून ठेवलेली आहेत, त्या शहराच्या रहिवाशाला यंत्रशास्त्र शिकावे लागत नाही, ते हवेतूनच अंगी भिनते, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. कोणाचीही गाडी दारात येऊन उभी राहिली की डोळे किंचित मिटून तिचा आवाज ऐकणे, मग ‘बेअरिंग’ असा एकच शब्द उच्चारणे आणि त्यानंतर अर्थपूर्ण मौन धरणे, ही माझी निदानपद्धती होय. प्रत्येक गाडीत बेअरिंगे पुष्कळ असतात. त्यांपैकी सर्वच्या सर्व निर्दोष निघण्याचा संभव अल्प असल्यामुळे माझी प्रतिष्ठा आजवर टिकून आहे.

दिव्याशी माझे वैर आहे ते एवढ्याचसाठी की त्याला भीड म्हणून नाही. शेजारी जावई बसलेले असावेत, आपण त्यांना जुन्या गाड्यांच्या पोलादाविषयी चार शब्द सांगत असावे आणि नेमक्या त्याच क्षणी, वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला तो तांबडा दिवा लागावा! जावई पुण्याचे असल्यामुळे त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. “मामा, ब्रेकचा लाइट लागलाय.” मी शांतपणे उत्तरतो, “लागतो तो अधूनमधून.” जणू दिवा लागणे ही त्याची सवय आहे आणि तिचा ब्रेकशी संबंध जोडणे हा नव्या पिढीचा उतावीळपणा.

वास्तविक कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला या दिव्यांची श्रेणी समजण्यास अडचण पडू नये. हिरवा आणि निळा हे केवळ माहितीस्तव. त्यांवर सही करून कागद पुढे पाठवावा. पिवळा दिवा म्हणजे ‘खुलासा करावा’ असा शेरा; त्याला थोडी मुदत असते, पण ती अनंत नसते. तांबडा दिवा मात्र जप्तीचा हुकूम होय. त्यावर अपील नाही, गाडी जागच्या जागी थांबवावी हेच इष्ट. तथापि ज्या नोकरशाहीने मला घडविले तिचा शिरस्ता असा होता की, हुकूम आला की प्रथम तो कोणत्या कलमाखाली आला हे पाहावे, मग तो अन्य कोणाच्या नावे असण्याची शक्यता अजमावावी, आणि मगच, नाइलाज झाल्यास, तो वाचावा.

ब्रेकच्या तांबड्या दिव्याबाबत ही शक्यता खरोखरच उपलब्ध आहे, हे त्याचे दुर्दैव. हातब्रेक ओढलेला असला तरी तोच दिवा लागतो, आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरली तरी तोच. पहिले कारण क्षुल्लक, दुसरे प्राणघातक आणि शिक्कामोर्तब एकच! अर्थात प्रत्येक वेळी मनुष्य हातब्रेकचा दांडा खाली दाबून पाहतो आणि तो आधीच खाली आहे असे आढळले तरी आणखी एकदा, थोडा अधिक जोराने, दाबून पाहतो. त्यातून इमामपूरच्या घाटातला अनुभव अधिकच बुचकळ्यात टाकणारा. वळणावर दिवा लुकलुकतो, सरळ रस्त्यावर विझतो; ब्रेक जोराने दाबावा तर लागतो, सोडावा तर जातो; आणि मिस्त्रीच्या दारात सपाट जमिनीवर गाडी उभी केली की तो असा निष्पाप मुद्रेने अंधारात बसतो की फिर्याद करणाराच खोटा ठरावा. याचे रहस्य साधे आहे. टाकीतले ऑइल मर्यादेच्या काठाशी आलेले असते. गाडी कलली की ते एका बाजूस जाते, त्यावर तरंगणारा फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. तेव्हा लुकलुकणारा दिवा बिघडलेला नसतो, तो केवळ पहिली सूचना देत असतो.

केडगावच्या बाजूला ज्याच्या हाती मी ही गाडी सोपवितो तो मिस्त्री अल्पभाषी आहे. त्याने बॉनेट उघडले, टाकीकडे पाहिले, कापडाला हात पुसले आणि विचारले, “साहेब, लाइट घालवायचा का फॉल्ट काढायचा? दोन्हीचा रेट वेगळा आहे.”

एवढ्या थोड्या शब्दांत आमच्या साऱ्या राज्यकारभाराचा गोषवारा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. वरून ऑइल ओतले की दिवा जातो, हे कोणीही करील. पण बंद नळ्यांतले ऑइल काही हवेत उडून जात नाही. ते कमी झाले असेल तर कोठेतरी गेलेले असते. एक तर मागच्या चाकाच्या सिलिंडरमधून ते ठिबकत असते, किंवा पुढचे पॅड झिजलेले असतात. पॅड जसजसे पातळ होतात तसतसे कॅलिपरमधले पिस्टन पुढे सरकतात, त्यांच्या पाठीमागे मोकळ्या झालेल्या जागेत ऑइल जाऊन बसते आणि तेवढीच पातळी वर टाकीत उतरते. म्हणजे टाकी ही पॅडच्या झिजेची रोजकीर्दच होय. तीत वरून ऑइल ओतणे म्हणजे अर्जाची चौकशी न करता तो दप्तरी दाखल करणे. ही रीत मला अपरिचित होती असे मी म्हणणार नाही. शिवाय या ऑइलला हवेतले पाणी शोषून घेण्याचा स्वभाव आहे. डॉट-३ जातीचे कोरे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा शिरलेल्या ऑइलाबाबत तोच दंडक १४० अंशांवर उतरतो. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा अटकाव घेण्याऐवजी जो सतत ब्रेकवर पाय ठेवून बसतो, त्याच्या नळ्यांत ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही आणि पेडल मुकाट्याने तळाला जाऊन टेकते.

येथे मला मलिक-ए-मैदानाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ज्या वाचकांना निकड असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून जावे. विजापूरच्या शेर्झा बुरुजावरील ही तोफ आमच्या नगरची, हे विजापूरकर सांगतात त्यापेक्षा थोड्या मोठ्या आवाजात सांगणे मी कर्तव्य समजतो. १५४९ साली निजामशाहीच्या चाकरीतील मुहम्मद बिन हसन रूमी याने ती नगरात ओतली; वजन सुमारे ५५ टन; तोंड सिंहाचे आणि त्या सिंहाच्या जबड्यात हत्ती. नगरहून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ च्या सुमारास तेथून विजापुरास. ती डागल्यावर आवाज केवढा होत असे, गोळा किती कोसांवर पडत असे, हेच जो तो विचारतो; मला त्यात रस नाही. माझा प्रश्न असा की, उतारावर तिला आवरीत कोण होते? चढावर बैलांच्या जोड्या वाढविता येतात, हत्ती लावता येतो. पण माथा ओलांडून उतार लागला की बैल त्या धुडाला ओढत नसतात, ते धूड बैलांचा पाठलाग करीत असते! तेव्हा मागे दोरखंड बांधलेले असणार, त्यांना माणसांच्या रांगा उलट्या दिशेने टाचा रोवून लोंबकळलेल्या असणार, आणि दगड, ओंडके घेऊन चाकांच्या बाजूने धावणारी काही पोरे असणार, ज्यांना ओरड होताच तो दगड नेमका चाकाखाली सारावयाचा आणि नेमका आपला हात मागे घ्यावयाचा. मी त्या काळी निजामशाहीच्या दप्तरात असतो तर या पोरांची हजेरी, त्यांचा शिधा आणि हात जायबंदी झालेल्यांचा बटवडा यांची स्वतंत्र वही निश्चित ठेवली असती, आणि बहुधा तीवर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून वरिष्ठांनी ती जाळली असती. कारण तोफेवर ओतणाराचे नाव कोरलेले आहे, बादशहाचा गौरव कोरलेला आहे. थांबविणाराचे नाव कोणी कोरीत नाही.

असो. इंजिनाच्या पिवळ्या दिव्याकडे वळतो. हा तांबड्याहून अधिक शिकलेला आहे, आणि म्हणून अधिक संदिग्ध बोलतो. संथ जळत असेल तर गाडी सावकाश मिस्त्रीकडे न्यावी. पण तो उघडझाप करू लागला तर एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकते आहे, न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते आहे असे समजावे आणि मोटार बाजूस घ्यावी. आता नव्या गाड्यांना स्कॅनर लावतात आणि तो आकडे दाखवितो. माझ्या गाडीच्या पिढीत मात्र दोन टोके तारेने जोडली की हाच दिवा मिचकावून बोलतो. एक मिचकावणी, विराम, मग दोन, म्हणजे १२ : सर्व क्षेम आहे. माझ्या गाडीने एकदा मिचकावून पुढे तीनदा मिचकाविले. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. मी तत्काळ, डोळे किंचित मिटून, सेन्सर गेल्याचे जाहीर केले. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि एका तारेचे कुरतडलेले टोक घेऊन बाहेर आला. “सेन्सर चांगलाय, साहेब. उंदराचं काम. ऊस तुटला की ते गावात शिरत्यात, अन् थंडीचं इंजिनाशी ऊब मिळती.” मला तेव्हा कळले की दिव्याचा आकडा फिर्यादीचे नाव सांगतो, आरोपीचे नव्हे, आणि नव्या सेन्सरचे पैसे वाचल्याचा आनंद माझ्या विद्वत्तेच्या हानीपेक्षा किंचित अधिक निघाला.

आमच्याकडे या दिव्यावर सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे बॅटरीची तार काढून पुन्हा लावणे. त्यासरशी गाडीची स्मृती पुसली जाते, दिवा विझतो, मालक आनंदित होतो आणि थोडे अंतर गेल्यावर दिवा पुन्हा लागतो. याहून पुढारलेले लोक दिव्यावर काळी पट्टी चिकटवितात. आणि जुन्या गाड्यांच्या बाजारातले निष्णात तर बल्बच काढून ठेवतात, किंवा त्याची तार इंजिन ऑइलच्या दिव्याला अशी जोडतात की दोन्ही एकदम लागावेत आणि एकदम विझावेत. म्हणून जुनी गाडी घेणाराने चावी फिरवावी पण इंजिन सुरू करू नये. त्या क्षणी इशाऱ्याचे सगळे दिवे लागले पाहिजेत. जो लागत नाही तो निर्दोष नव्हे, त्याचे तोंड बांधलेले आहे. आणि जे लागले ते विझताना सगळे एका ठोक्याला विझत असतील तर त्यांतही संगनमत असण्याचा संभव धरावा.

ही थट्टा येथवर ठीक आहे. पण हंगामात रात्रीच्या वेळी प्रवरेच्या पट्ट्यातून गाडी चालविणारास थट्टा सुचत नाही. ज्या जिल्ह्यात लोणीला सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला आणि ज्याचा आम्हांस रास्त अभिमान आहे, त्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर उसाचे डोंगर, आणि पाठीमागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी, अशी वाहतूक काळोखात चालू असते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकही नसतो; मलिक-ए-मैदानाच्या मागे निदान दोर धरणारी माणसे असावीत. चाक पंक्चर झाले की भोवती दगड मांडतात, ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यात राहतात. त्या ट्रॅक्टरवाल्यावर मी पूर्वी संतापत असे. पण एकदा माझ्या दिव्यांच्या झोतात उसाच्या मोळ्यांवर भांडीकुंडी, पांघरुणाची वळकटी आणि तिला बिलगून झोपलेले एक मूल दिसले, तेव्हा संताप कोणावर करावा हेच मला उमगेना. पाथर्डी-जामखेडकडून कोयता घेऊन आलेले ते बिऱ्हाड खेपेवर खेप करण्यासाठी निघालेले. त्यांना थांबून दिवा लावण्यास ना सवड, ना कोणाची सक्ती. माझ्या गाडीत बोटभर ऑइल कमी झाले तर तांबडा दिवा मला जाब विचारतो, आणि ज्या वाहनावर ते लेकरू झोपले आहे त्याच्या पाठीशी एक तांबडा दिवा लावण्याचा हुकूम कायद्यात असूनही तो कोणी बजावीत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन ज्या दक्षतेने केले जाते त्याच दक्षतेने ट्रॉलीची पाठ पाहावी, आणि जिला तांबडा दिवा व परावर्तक पट्टी नाही ती काट्यावर घेऊ नये. पट्टीला खर्च थोडा, काट्यावर माणूस आधीच बसलेला, आणि नवा कायदा करण्याचेही कारण नाही. संबंधितांनी हा माझा अर्ज समजावा. एवढेच की, तो दप्तरी दाखल करू नये.