डब्लिनची घटमांडणी

माणूस परदेशी गेला की पहिल्या वर्षी तिथल्या हवेबद्दल बोलतो, दुसऱ्या वर्षी घरभाड्याबद्दल, आणि तिसऱ्या वर्षापासून तिथल्या भानगडींबद्दल. माझा पुतण्या डब्लिनला असतो. हवा आणि भाडं हे दोन्ही पेपर सोडवून तो आता भानगडींत पहिल्या वर्गात पास होतोय.

तिकडे रविवारी दुपारी त्याच्या घरी मराठी मंडळी जमतात. जळगावची एक नर्स, सांगलीचं एक जोडपं, परभणीचा एक बँकेतला मुलगा. वरण-भात होतो आणि मग खेळ सुरू होतो: आयर्लंडची पुढची भानगड कोणती? प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा, पाच-पाच युरो लावायचे, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात फसला त्याने पुढच्या रविवारी शेवभाजी करायची. इकडे तेव्हा रात्र झालेली असते. मी जेवून ओट्यावर बसलो की फोन वाजतो आणि तिकडून विचारणा होते, "काका, तुमचा काय अंदाज?"

माझ्या अंदाजाला तिकडे वजन आहे, कारण मी सोयगावचा. आमचा जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो की रुसून निघून जाणं असो, आमची पावलं जळगाव-पाचोऱ्याकडे वळतात. अजिंठ्याच्या लेण्या आमच्या तालुक्यात, त्यांना नाव मात्र ज्या गावाचं ते अजिंठा सिल्लोड तालुक्यात. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला कागद एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे असण्याचं नवल वाटत नाही. आणि बहुतेक भानगडी तेवढ्यातच उरकतात.

शिवाय परक्या देशाच्या भानगडीइतकं निवांत मनोरंजन दुसरं नाही. त्यात आपला मेहुणा नसतो. अमक्याच्या बाजूने बोललात म्हणून दुसऱ्या दिवशी दूधवाला तोंड फिरवत नाही. दोन्ही पक्ष सारखेच परके, त्यामुळे दोघांनाही मोकळ्या मनाने हसता येतं. आणि आयर्लंड या कामी फार गुणी देश आहे. लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि बहुतेक भानगडी आपल्यासारख्या हजारो कोटींच्या नसून डोळ्यांना दिसतील अशा मापाच्या.

उदाहरणार्थ, त्यांच्या संसदेने आठ लाख आठ हजार युरोंचं छपाईयंत्र घेतलं. यंत्र आलं आणि मग कळलं, की ज्या खोलीत ठेवायचं तिचं छतच कमी उंचीचं. यंत्राला भाड्याच्या गोदामात ठेवून इमारत फोडावी लागली. हे २०१९ मध्ये उजेडात आलं. पुतण्या नवा होता, हसून हसून त्याने तीन वेळा फोन केला. मी इथे बसस्टँडसमोरच्या टपरीवर ही हकिगत सांगितली तर कोणी हसलं नाही. एकाने एवढंच विचारलं, "दार काढून पाह्यलं का भो?" कपाट जिन्यातून नेताना आपण सगळेच जे विचारतो ते.

मग २०२० चा ऑगस्ट. करोनाचे नियम सरकारने कडक केले आणि दुसऱ्याच दिवशी क्लिफडेन नावाच्या गावी संसदेच्या गोल्फ मंडळाच्या जेवणाला ऐंशीच्या वर माणसं बसली. त्यापायी कृषिमंत्र्यांचं पद गेलं, युरोपीय आयुक्तांचंही. गंमत म्हणजे त्या कृषिमंत्र्यांना खुर्चीवर बसून सदतीस दिवस झाले होते आणि त्यांच्या आधीच्यांना तर सतराच दिवसांत, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या जुन्या प्रकरणावरून, घालवलेलं. आमच्याकडे जेवणावळीवरून मंत्री जात नाही. जेवणावळ घालतो म्हणून होतो. २०२३ मध्ये सरकारी दूरदर्शनवाल्या आरटीईने रायन टब्रिडी या निवेदकाला ३,४५,००० युरो जाहीर आकड्याबाहेर दिल्याचं निघालं. ती फाइल उघडली तर आत एका समारंभासाठी घेतलेल्या जवळपास पाच हजार युरोंच्या रबरी चपला. टीव्ही बघायचा परवाना तिकडे वर्षाला १६० युरोंचा. बऱ्याच लोकांनी तो भरणंच सोडून दिलं. साडेतीन लाखांचं लोक विसरले, चपला लक्षात राहिल्या. टपरीवरही चौकशी झाली ती एकच, त्यांचा अंगठा किती दिवस टिकला.

एका भानगडीत मात्र मंडळींची पंचाईत झाली. लिओ वराडकर. वडील मालवणजवळच्या वराडचे, मुलगा २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले तेव्हा अख्ख्या कोकणाने त्यांना घरचा केलं, आणि डब्लिनच्या मराठी मंडळींनी त्याच्या आधीच केलेलं होतं. पुढे निघालं, की डॉक्टरांच्या कराराचा सरकारी मसुदा त्यांनी एका मित्राला आधीच दिला होता. चौकशी लागली. आता यावर पैज लावायची की बाजू घ्यायची? सांगलीकरांनी बाजू घेतली, नर्सबाईंनी पैज लावली, आणि दोन रविवार वरण-भात अबोल्यात झाला. २०२२ मध्ये खटला भरायचा नाही असं ठरलं. मग २० मार्च २०२४ ला, कुठलीही भानगड अंगावर आलेली नसताना, त्यांनी राजीनामा जाहीर केला. कोणाच्याच यादीत हा प्रकार नव्हता. कारण नसताना खुर्ची सोडणं हे सोयगावात तर मीही धरलं नसतं.

या नामुष्कीनंतर माझ्या सल्ल्याने खेळाला शास्त्रीय पाया आला. आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. अठरा धान्यं गोल मांडायची, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई, करंजी, शेजारी पानाचा विडा. पान म्हणजे राजा, करंजी म्हणजे तिजोरी. रात्रभर तिथे कोणी फिरकायचं नाही आणि पहाटे काय हललं, काय गेलं ते बघून वर्षाचं भाकीत सांगायचं. २०२४ च्या मे महिन्यात हे डब्लिनला झालं. घरमालकाच्या करारात बाग खणायची नाही असं कलम आहे, म्हणून घट मोठ्या कुंडीत बसवला. अठरा धान्यं जमेनात. ज्वारी, तीळ, मसूर मिळाले, अंबाडीच्या जागी ओट्स, आणि सरकीसाठी बँकेतल्या मुलाने उशी उसवायची तयारी दाखवली, ती नाकारण्यात आली.

पहाटे पाहतात तर ढेकळांचा चिखल. चारही महिने भरपूर पाऊस. डब्लिनमध्ये हे भाकीत चुकायला कुंडी घरात ठेवावी लागेल. पान जागेवर, पण सुकलेलं: राजा राहील, लोकांना आवडणार नाही. आणि करंजी गायब. कुंपणावर एक समुद्रपक्षी बसलेला, चोचीला सारण. डब्लिनचे हे पक्षी इतके माजलेत की २०१४ साली एका सिनेटरने वरच्या सभागृहात त्यांच्याविरुद्ध भाषण केलं होतं. मी फोनवर निकाल दिला: तिजोरी फुटणार, आणि तीही उघड्यावरच्या कामात.

सप्टेंबरात बातमी आली. संसदेच्या आवारात, लेन्स्टर हाउसपाशी, सरकारी बांधकाम खात्याने सायकली लावायला एक मांडव घातला. अठरा सायकलींचा. खर्च ३,३६,००० युरो. आपले सव्वातीन कोटींच्या आतबाहेर. आणि बाजू उघड्या असल्याने त्यात पाऊस येतो.

मी फोटो घेऊन आमच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने हात पुसले, फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला, चष्मा कपाळावर चढवला. "खाली दगड चांगला वापरलाय," तो म्हणाला. "वरती काच. पायपाला माल बरा दिसतो." मग मनातल्या मनात हिशेब करत, "दगड त्याईचा, तर मी सव्वा लाखात करून देतो. रंगासकट."

म्हटलं, "पाऊस आत येतो म्हणे."

"येऊ द्यायचा असला तर नव्वद हजार."

हे उत्तर मी जसंच्या तसं डब्लिनला पाठवलं. नंतर तिथल्या सरकारी इमारतीबाहेरची पहारेकऱ्याची चौकी चौदा लाख युरोंची निघाली तेव्हा मंडळींनी परस्पर वेल्डिंगवाल्याचंच अंदाजपत्रक मागवलं. त्याने ते एका तासात दिलं आणि विचारलं, टेंडर कधी निघतंय.

टपरीवर आता साऱ्या जगाचा माल येतो. २०२५ च्या मे महिन्यात जपानचे कृषिमंत्री ताकू एतो बोलून गेले, की मला तांदूळ विकत घ्यावाच लागला नाही, समर्थक भरपूर आणून देतात. तांदूळ तिकडे महागलेला. मंत्रिपद गेलं. कापसाचा एक व्यापारी हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "याच्यात भानगड कोणती?"

पण पुतण्याचं हसणं मधल्या काळात बदललं होतं. मला ते उशिरा जाणवलं. त्या देशात नागरिक नसलेल्या रहिवाशालाही नगरसेवकाच्या निवडणुकीला मत देता येतं. ७ जून २०२४ ला त्याने ते दिलं. उमेदवार स्वतः छत्री घेऊन दारात आला होता आणि पुतण्याने त्याला गल्लीतल्या बंद दिव्यावरून वीस मिनिटं उभं धरलं. मग एकदा लेकीच्या कानदुखीसाठी कुठल्याशा दवाखान्यात तो रात्रभर बाकावर बसून आला. त्या रविवारी विषय निघाला राष्ट्रीय बालरुग्णालयाचा: खर्च दोन अब्ज युरोंच्या वर गेलेला, उघडायची तारीख दर वेळी पुढे. आधी नावसुद्धा ठेवून झालं होतं. ते अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नावाशी जुळतं म्हणून परत घेतलं. मी म्हटलं, "यावर पाच युरो लाव की." तर तो माझ्यावरच डाफरला. "काका, ही काय थट्टा आहे का? कर भरतो आम्ही." मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. ज्या गावची भानगड माणसाला झोंबते ते त्याचं गाव. जिथल्या भानगडीवर तो पैज लावतो तिथे तो पाहुणा.

त्या देशाने मात्र अजून त्याला तितकं धरलेलं नव्हतं. २०२५ च्या जुलैत डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला टोळक्याने मारलं, अर्धे कपडे काढून. पाठोपाठ आणखी हल्ल्यांच्या बातम्या आल्या. भारतीय दूतावासाने सूचना काढली, सुनसान जागी, अवेळी जाऊ नका. ऑगस्टमधला भारतीयांचा मेळावा पुढे ढकलला. वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर, संसदेत एकच विषय. त्या वर्षीही घट मांडला होता, आणि अठराच्या अठरा धान्यांत आपल्यासाठी एकही दाणा नेमलेला नव्हता. पुढची भानगड म्हणून आपल्याच येण्या-राहण्याचं नाव निघेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. नर्सबाई रात्रपाळीवरून टॅक्सीने येऊ लागल्या. दोन-तीन रविवार कोणी जमलंच नाही.

मग शेजारचे म्हातारे, मूळ मेयो परगण्याचे, सफरचंदाचा केक घेऊन आले. सगळ्या देशाच्या वतीने त्यांनी माफी मागितली, चहा घेतला, आणि मग दीड तास बालरुग्णालयाच्या ठेकेदाराला शिव्या घातल्या. पुतण्या सांगतो, इतक्या शिव्या त्याने सोयगाव सोडल्यापासून एका बैठकीत ऐकल्या नव्हत्या. त्यानेही भर घातली. म्हाताऱ्यांना खेळ समजावून सांगितला तर ते म्हणाले, पुढच्या वर्षी ओट्स मी देईन, दुकानातले खराब असतात.

इतकं सगळं झाल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला, पण आयर्लंडवर पैज लावायचं त्यांच्या जिवावर येऊ लागलं. तेव्हा पुतण्याने तोड काढली. "काका, आता आपण तुमच्याकडची घेऊ. सोयगाव तालुक्याची पुढची भानगड कोणती?"

*तुमच्याकडची.*

मी ऐकून घेतलं. पलीकडे हसणं चाललेलं. त्यांनी सुरुवात केली फर्दापूरच्या अजिंठा अभ्यागत केंद्रापासून. जपानी कर्जातून बांधलेलं, आत लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. काही वर्षं चाललं, मग वीज-पाण्याची बिलं थकली आणि कुलूप लागलं. बँकेतला मुलगा म्हणाला, खऱ्या लेण्यांना दोन हजार वर्षांत वीजबिल आलं नाही म्हणून टिकल्या. मोठा हशा झाला. वाक्य चांगलं होतं. दुसऱ्या कुठल्या तालुक्याबद्दल असतं तर मीच टपरीवर नेलं असतं. पण फर्दापूरच्या पोरांनी त्या केंद्राच्या भरवशावर दुकानं टाकायची स्वप्नं पाहिलेली मी बघितलीत. मी म्हटलं, "सोयगाववर पैज लावायची तर आधी इथली घरपट्टी भर. तुझ्या वाट्याची चार वर्षांची बाकी आहे."

तिकडे शांतता. मग सुनेचा आवाज, "भरून टाका हो एकदाची."

त्याच रात्री पैसे माझ्या खात्यावर आले, चार वर्षांचे, वर पाचशे जास्त, चहापाण्याला. मी सोमवारी जाऊन भरले. पावती कपाटात आहे. तिचा फोटो मात्र मी मुद्दाम पाठवलेला नाही, कारण नर्सबाईंनी मला परस्पर कळवलंय, की काकांनी पैसे भरलेच नाहीत यावर तिकडे पैजा लागल्यात, आणि भरले असतील या बाजूला एकटे मेयोचे म्हातारे आहेत. त्यांच्या वतीने मी वीस युरो लावलेत.