मातृभाषेच्या रकान्यास अनावृत पत्र

मा. रकानासाहेब,
शाळेचं जनरल रजिस्टर, पेण आणि रोहा तालुके

स. न. वि. वि.

आधी आपलं अभिनंदन. वाडीवरची कातकरी पोर शाळेच्या पडवीत येऊन तोंड उघडते न उघडते, तोच आपण बहुतेकदा 'मराठी' लिहून मोकळे झालेले असता. विचारलं असतं तर पंचाईत! पोर घरी कातकरी बोलते हे निघालं असतं. मग त्या बोलीतलं पुस्तक हवं, ती समजणाऱ्या बाई हव्यात. त्यापेक्षा पोर 'अप्रगत' ठरलेली बरी. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली की सगळा दोष भट्टीवर ढकलता येतो.

आपला दरारा तर जिनिव्हालाही भारी पडला. आदिवासी मुलांना त्यांच्या मातृभाषेत, आणि ते शक्यच नसेल तर त्यांच्या समाजात जास्त चालणाऱ्या भाषेत लिहा-वाचायला शिकवावं, असं तिथल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा करार सांगतो. भारताने तो १९५८ साली मान्य केला. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाबद्दलचं राज्यघटनेचं कलम ३५०-क त्याच्याही आधीचं. संयुक्त राष्ट्रांनी तर २०२२ ते २०३२ हे अख्खं दशक आदिवासी भाषांना दिलंय. आपण बोटभर रुंदीचे, पण सगळ्यांना पुरून उरलात.

अर्थात, आम्हा मराठी माणसांची साथ विसरू नका. पहिलीपासून हिंदी नको म्हणून जून २०२५ मध्ये आम्ही सरकारला दोन शासन निर्णय मागे घ्यायला लावले. कोवळ्या पोरावर परकी भाषा लादू नये, हे तेव्हा आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. बेळगावात मराठीतून कागद मिळावेत म्हणून भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क आम्ही आजही कलमांसकट सांगतो. घाटाखाली कातकरीच्या बाबतीत मात्र कर्नाटक सरकारचं काम आपण बिनपगारी करता, आणि आम्हाला त्यात काही खुपत नाही.

आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पेणलाच आहे. कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी २०२३ पासून पीएम-जनमन योजना आहे. तिच्यात घर आहे, नळ आहे, रस्ता आहे, मोबाइलचा टॉवरसुद्धा आहे. त्या मोबाइलवर कोणत्या भाषेत बोलायचं, ते आपण ठरवलेलंच आहे.

एक निरोप तेवढा पोचवा. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. आपले थोरले बंधू तिच्या अर्जात बसून मातृभाषा विचारायला निघतील. तेव्हा वाडीवरच्या कितीतरी घरांना कुलूप असेल, माणसं भट्टीवर. बंधूंना म्हणावं, तिथवर जावं लागेल.

आपला,
एक मराठी भाषिक