आधी चोर ठरवा

हळदीचा भाव पाच आकडी झाल्यापासून शिरड शहापुरात चोरांची प्रतिष्ठा फार वाढली आहे. पूर्वी अंगणात वाळत घातलेल्या हळदीकडे कोंबड्यांशिवाय कोणी ढुंकून बघत नव्हतं. आता त्याच अंगणाला सराफ्याची कळा आली. शिजवलेली हळद चांगले दहा-पंधरा दिवस उन्हात पसरून ठेवावी लागते, ती काही कपाटात घालून कुलूप लावायची वस्तू नाही. शेतातल्या पाणबुडी मोटारीची केबल कापून नेणारे आधीपासून होतेच. तेव्हा आता घरच्या मालावरही कुणाचा तरी डोळा असणार, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. ज्याच्या घरी चोर येण्याची काही शक्यता नाही, त्याची पत तेवढ्या अंगाने कमी धरली जाऊ लागली.

गल्लीत आधी पाट्या आल्या. 'सावधान! आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.' कॅमेरे मागाहून, सवडीने. काही घरी ते अजून यायचे आहेत. समोरच्यांनी पाटी लावली आणि ती रात्रीतून कोणीतरी काढून नेली. ते बिचारे तक्रार तरी काय करणार? कुणी पाहिलं, असं विचारलं तर काय सांगायचं?

"आपल्याकडं बी एक बसव," आबा मला म्हणाले. "लोकाला वाटायलंय, ह्यायच्या घरात काहीच नाही."

कॅमेरा घ्यायचा म्हटला की माणसं थेट दुकान गाठतात. माझ्या मते आधी घरात बसून चोर निवडावा. चोर एकदा ठरला की तो कुठून येणार, किती वाजता येणार, उजेड असेल की अंधार, हे ओघाने येतं आणि कॅमेरा आपोआप ठरतो. म्हणून मी बैठक बोलावली. त्यात निष्पन्न असं झालं, की एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांचे चोर निरनिराळे असतात.

आबांचा चोर हळदीचा. तो रात्री दोनला, मागच्या बाजूने, टेम्पो घेऊन येणार. आईचा चोर रोज दुपारी येतो, चार पायांनी येतो, आणि त्याच्या मालकिणीचं नावही आईला पाठ आहे. परसातला कढीपत्ता बुडापासून साफ करणारी शेळी पुराव्यासह पकडून द्यायची, एवढीच तिची अपेक्षा. पुण्याला हिंजवडीत नोकरीला असलेला धाकटा भाऊ फोनवरून बैठकीला हजर होता. त्याचा चोर म्हणजे खुद्द आबा. त्यांची साखर वाढलेली आहे आणि गुळाचा डबा जेवणघरात आहे. त्यामुळे भावाला कॅमेरा घराच्या आत हवा होता. हे त्याने आबांसमोर स्पीकरवर सांगितलं, हा मुत्सद्दीपणा तो कुठे शिकला कोण जाणे.

बायकोला चोर नकोच होता. तिला कॅमेरा नळावर हवा होता. "चोर येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "नळ कधी येतोय ते आधी कळू द्या. अर्धी सकाळ मी त्या तोटीकडं बघत बसते." आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी पहाटे चार ते दुपारी बारा यांत कधीही येतं. विचार केला तर घरातली सगळ्यांत मौल्यवान आणि सगळ्यांत बेभरवशाची आवक तीच.

एवढा सगळा ऐवज आणि आबांना घेऊन मी वसमतला गेलो. दुकानदाराने मेगापिक्सेलपासून सुरुवात केली. तो २ म्हणाला, मग ४ म्हणाला, मी मान हलवत राहिलो तसा ८ वर गेला. लिलावातच बसल्यासारखं वाटायला लागलं. मेगापिक्सेल वाढले की चोराचा चेहरा अधिक स्वच्छ दिसतो, हे खरं. पण कार्डही तितकंच लवकर भरतं. साध्या कॅमेऱ्याने सेकंदाला १ मेगाबिट या बेताने चोवीस तास रेकॉर्डिंग केलं तरी दिवसाला जवळपास ११ जीबी जातात. १२८ जीबीचं कार्ड म्हणजे अकरा-बारा दिवस, मग जुन्यावर नवं चढतं. आमच्या घरात आईचं पितळी घंगाळं नाहीसं झालं तर ते दिवाळीच्या आंघोळीलाच कळतं. तोवर त्या चोराच्या चित्रावर सहा महिन्यांची शेळी चढलेली असणार.

मग त्याने अस्सल बिनतारी कॅमेरा काढला. याला वीजही नको, बॅटरीवर चालतो. तो एरवी झोपलेला असतो आणि माणसाच्या अंगची उष्णता हलली की जागा होतो. ऐकायला झकास. पण हा कॅमेरा बघतो तो उष्णतेतला फरक: मागची भिंत किती तापलेली, पुढून जाणारा किती. आमच्याकडे मे महिन्यात पारा सहज ४२-४३ वर असतो. संध्याकाळी निवत आलेली भिंत आणि माणूस एका तापमानाला आले की त्या सेन्सरच्या लेखी माणूस जवळजवळ नाहीसाच होतो. मराठवाड्यातल्या चोराला उन्हाळ्याने दिलेली ही सवलत आहे. नेमकी हळद वाळवायचे दिवस फेब्रुवारी-मार्चपासून पुढे.

आबांना सोलर पॅनल आणि सिमकार्डवाला कॅमेरा आवडला. शेतात जिथे ना वीज ना वायफाय, तिथे तो खरोखर कामाचा.

"ह्याला सिम हाय का? मंग ह्याचा नंबर दे," आबा म्हणाले. "रातच्याला इचारून घेत जाईन, काय चाललंय म्हणून."

शेवटी घरी वायफायवर चालणारा, भिंतीतून वीज घेणारा कॅमेरा ठरला. म्हणजे चित्र बिनतारी जाणार आणि विजेची वायर ओसरीभर लोंबणार. यातले बरेचसे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवरच चालतात. ते चांगलंच, कारण ते ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा भिंतींतून लांब पोचतं. तरी आमच्या जुन्या भिंतींनी आधी त्यालाही दाद दिली नाही. राउटर देवघराच्या कोनाड्यात हलवला तेव्हा चित्र आलं. आईने त्याच दिवशी त्याला हळदकुंकू लावलं. आता आरती चालू असताना इंटरनेटला विशेष वेग येतो असं ती म्हणते, आणि वाद नको म्हणून मीही मोजून पाहिलेलं नाही. लाईट गेली की मात्र देव, राउटर आणि कॅमेरा तिघेही एकदम अंधारात. त्यासाठी इन्व्हर्टर घ्यावा लागला. तो कॅमेऱ्यापेक्षा महाग असल्यामुळे आता इन्व्हर्टर चोरीला जाईल याची आबांना काळजी.

बसवल्यापासून खरी करमणूक सुरू झाली ती सूचनांची. 'माणूस आढळला.' जाऊन बघावं तर दोरीवर वाळणारं आबांचं धोतर. 'हालचाल आढळली.' भिंगासमोरून गेलेला पाकोळा. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात तो इतका पांढराशुभ्र आणि भलामोठा दिसतो, की पहिल्या रात्री आईने दृष्ट काढून टाकली. पुढे एका कोळ्याने भिंगाच्या तोंडावरच जाळं विणलं आणि वारा सुटला की मोबाइल अख्खी रात्र किंचाळत राहिला.

आता गंमत बघा. आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी. २०१६च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू, काटकोनात. प्रोटॉनच्या रुंदीचा दहा हजारावा भाग, एवढी हालचाल ओळखण्याची त्यांची तयारी. अमेरिकेतल्या तसल्याच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ला कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांची धडक पकडली होती. म्हणजे एकाच तालुक्यात एका यंत्राला विश्वाच्या टोकाचा धक्का कळणार, आणि दुसऱ्याला आबांचं धोतर कळत नाही.

पण त्या शास्त्रज्ञांचं मुख्य दुखणं आणि माझं एकच आहे: खोटी वर्दी. ट्रक गेला, वारा सुटला, लांब कुठे जमीन हलली, की त्यांच्याही यंत्राला वाटतं काहीतरी घडलं. म्हणून त्यांनी हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन अशी सुमारे ३००० किलोमीटर अंतरावर दोन यंत्रं ठेवली. दोन्हींनी क्षणार्धाच्या आत तेच सांगितलं, तरच पुढे बोलायचं. २०१५ साली या दोन ठिकाणच्या नोंदींत फरक होता फक्त ७ मिलिसेकंदांचा.

ही पद्धत आमच्या घरात फार पूर्वीपासून आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्याला भूकंपाचे धक्के नवे नाहीत आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे जमिनीखालचे गूढ आवाज तर पेपरवाल्यांना पाठ झालेत. १० जुलै २०२४ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा आबा ओसरीवरून "हाललं, हाललं" म्हणून ओरडले. कोणी उठलं नाही. मग स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अगं बाई, हाललं की." तेव्हा सगळे बाहेर पळाले. आबा एकटे म्हणाले तर भास, आईनेही दुजोरा दिला तर भूकंप. मी कॅमेऱ्यालाही हाच नियम लावला. तो 'माणूस' म्हणाला आणि गल्लीतली कुत्रीही भुंकली, तरच उठायचं. तेव्हापासून झोप मिळते.

घरच्या कॅमेऱ्याची कल्पना कुणा फौजदाराची असेल असं मला वाटायचं. निघाली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सबाईंची. नवरा-बायकोच्या ड्युटीच्या वेळा आडनिड्या, रात्री घरात एकटं राहायची वेळ यायची, पोलीस बोलावले तर वेळेवर येतील याची खात्री नाही. १९६६ साली दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ला ते मिळालं. दारावर वेगवेगळ्या उंचीची चार भोकं, त्यांवरून वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आत पडद्यावर चित्र. अंथरुणातून दार उघडायची सोयसुद्धा. मी हे मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितलं.

"तिच्या नळाला रोज पाणी येत असंल," ती म्हणाली. "म्हणून चोराचं सुचलं."

पासवर्डचा प्रकार मात्र मी गांभीर्याने घेतला. दुकानातून येतो तोच ठेवला तर काय होतं, हे जगाने २०१६मध्ये पाहिलं. 'मिराय' नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखभर कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर ट्विटर आणि नेटफ्लिक्स काही तास बंद पाडले. आपल्या सरकारनेही ९ एप्रिल २०२५पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. तेव्हा मी मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, खुणा असा भक्कम पासवर्ड तयार केला आणि कागदावर लिहून आबांना दिला. आबांनी तो पारावर नेऊन चारचौघांत मोठ्याने वाचला आणि बरा आहे का, हे विचारून आले. बहुमत बरा आहे असंच पडलं.

राहिला घरातला कॅमेरा. भावाने तो पुण्याहून परस्पर मागवला, घरपोच आला, आणि गुळाच्या डब्यासमोर बसला. त्या दिवसापासून आबा जेवणघरात टोपी, कोट घालून जायला लागले. "पोरगं बघायलंय, त्याच्या हापिसातले बी बघत असतील." नंतर त्यांना त्याचा जाच व्हायला लागला. मी त्यांना कलकत्त्याचा खटला सांगितला. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने राहत्या भागात कॅमेरे लावले. दुसऱ्याच्या संमतीशिवाय असं करणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे, असं उच्च न्यायालयाने सांगितलं आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. कोर्टाची पायरी चढायची त्यांना गरज पडली नाही. गूळ खायची वेळ झाली की ते डोक्यावरची टोपी काढून कॅमेऱ्याला घालतात. पुण्यात भावाच्या मोबाइलवर पाच मिनिटं नुसतं पांढरं दिसतं. टोपी परत डोक्यावर जाते तेव्हा आबा मिशा पुसत असतात. पुरावा म्हणाल तर काही नाही.

हळद सुखरूप हिंगोलीच्या मार्केट यार्डात गेली. टेम्पोवाला चोर आला नाही, याचं आबांना थोडं वाईट वाटलं. शेळी मात्र कॅमेऱ्यात स्पष्ट आली. आईने मोबाइल नेऊन मालकिणीला दाखवला, तर ती बाई हरखून म्हणाली, "किती गोड दिसायलीय वं! मला पाठवून द्या की." आता तो फोटो तिच्या स्टेटसला आहे, तोंडात आमच्या कढीपत्त्यासकट.

बायकोने यातल्या कशाचीच वाट पाहिली नाही. अंगणातल्या कॅमेऱ्याचं तोंड तिने स्टुलावर चढून नळाकडे फिरवून घेतलं. त्याच्या टप्प्यात गल्लीतले आणखी चार-पाच नळ येतात. सूचना भावाच्या मोबाइललाही जोडलेल्या असल्यामुळे गल्लीत पाणी सुटलं की पुण्यात आधी कळतं. बायका आता खिडकीत बसत नाहीत, हिंजवडीला फोन लावतात. "भाऊ, सुटलं का?" तोही बिचारा सांगतो. मागच्या आठवड्यात अमेरिकेच्या लोकांबरोबर त्याची मीटिंग चालू होती, माईक बंद करायचा राहिला, आणि मध्येच तो ओरडला, "काकू, कोपऱ्यावरच्यांनी नळाला मोटार लावलीय, म्हणून तुमच्याकडं पाणी चढेना! मला दिसायलीय इथून!"

पलीकडच्या बाईंनी विचारलं की हा प्रश्न कोणाकडे सोपवायचा आणि कधीपर्यंत सुटेल. त्याने सांगितलं, ग्रामपंचायतीकडे. तसं मीटिंगच्या टिपणात लिहून घेतलंय म्हणे.