अजातशत्रूचे शत्रू

वऱ्हाडात मनुष्य पंचाहत्तरीकडे झुकला आणि त्याच्यावर कोणताही फौजदारी खटला प्रलंबित नसला, की त्याचा गौरवग्रंथ निघतो, असा अलीकडे रिवाज पडला आहे. अशा ग्रंथातील यच्चयावत् लेख एकाच गृहस्थाने एकाच दुपारी लिहिले असावेत, इतके त्यांत मतैक्य असते. अकोल्याच्या एका गौरव समितीने आमच्या महाविद्यालयीन मित्राविषयी असाच मजकूर मागवला असून सोबत विशेषणांची यादीही जोडली आहे, आणि तीत ‘अजातशत्रू’ हा शब्द अग्रस्थानी आहे. परंतु ज्या माणसाने कोणाचाही वशिला न लावता, केवळ विनोदाच्या बळावर, दोन जिल्ह्यांत शत्रू संपादन केले, त्यास अजातशत्रू म्हणणे म्हणजे त्याच्या जन्मभराच्या मिळकतीवर बोळा फिरविणे होय.

१९७२च्या दुष्काळात आम्ही अमरावतीस एका वसतिगृहात राहत होतो. ज्वारी दिसेनाशी झाली होती, अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी पानात पडत होत्या, आणि वरणातील तुरीची डाळ ही केवळ श्रद्धेची बाब उरली होती. इतरांनी घोषणा दिल्या. आमचा मित्र पटवाऱ्याचा मुलगा. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आणि आणेवारी जितकी खाली उतरेल तितकी सारा-तहकुबीची आशा अधिक, हे शास्त्र त्याने परवच्याबरोबर पाठ केलेले. त्याने वरणाची रीतसर आणेवारी काढली आणि पंचनामा करून तो खाणावळीच्या दारावर डकवला : ‘आम्ही खाली सही करणारे पंच वाटीच्या चतुःसीमेत समक्ष हिंडलो असता पूर्वेस मिरची, पश्चिमेस हळद, उत्तरेस मीठ व दक्षिणेस तळ असा कब्जा दिसून आला. तूर फरारी असून तपास चालू आहे. आणेवारी दोन आणे. सबब, चालू महिन्याच्या बिलाची वसुली तहकूब व्हावी.’ रेक्टरसाहेब डोळे पुसेपर्यंत हसले. खाणावळीचा मुनीम मात्र हसला नाही, आणि पहिला शत्रू त्या सायंकाळी दप्तरी दाखल झाला. डाळ होती तेवढीच राहिली.

त्याचे गाव अंजनगावकडले. अमरावतीहून दर्यापूरमार्गे एस.टी. सरळ जात असताना हा गृहस्थ आधी बडनेरा, मग मूर्तिजापूर आणि तेथून शकुंतला, असा प्रदक्षिणामार्ग पत्करीत असे. मूर्तिजापुराहून एकीकडे यवतमाळ व दुसरीकडे अचलपूर गाठणारी ही सुमारे १९० किलोमीटरची नॅरोगेज वाट इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी घातली, आणि १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन तिच्यावर थेट १९९४ पर्यंत राबत होते. स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीकडेच राहिली, या गोष्टीचा लोकांस संताप येई; आमच्या मित्रास आनंद होई. ‘‘सुराज्य भेटलं बाप्पा,’’ तो डब्यात सर्वांस ऐकू जाईल असे म्हणे, ‘‘पन मले दिवाईले घरी जाचं तं इंग्रजाचीच गाडी लागते!’’ उशिराबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. ज्यास गप्पा अर्ध्यावर सोडायच्या असतील त्याने एस.टी.ने जावे, असे त्याचे मत होते.

पुढे तो महसूल खात्यात चिकटला आणि अकोल्यास स्थायिक झाला. अकोल्यास कृषी विद्यापीठ १९६९ साली आले, अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठासाठी १ मे १९८३ची वाट पाहावी लागली. तोवर अमरावतीचे पदवीधर नागपूर विद्यापीठाचे. या वडीलकीवरून अमरावतीकरांच्या बैठकीत अकोल्याचा कैवार घ्यावा आणि अकोल्यात येताच पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या गावाच्या बुद्धीविषयी शंका काढावी, हा त्याचा छंद असल्यामुळे उभय नगरांत त्याच्या शत्रूंची समसमान वाढ झाली. वऱ्हाडातील ऐक्यास याहून भरीव हातभार दुसऱ्या कोणी लावल्याचे आम्हांस स्मरत नाही.

अमरावती विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव मिळाले तेव्हा तो विशेष खूष झाला, कारण बाबांचे जन्मगाव शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यातलेच, आणि श्रोत्यांस प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून त्यांची फजिती वदवून घेण्याची बाबांची कीर्तनातली हातोटी हा गडी आपला वडिलोपार्जित वारसा मानतो. अकोल्यातील एका सभेत तो म्हणाला, ‘‘बाबा शायेत गेले नाईत, तरी इद्यापीठ त्याइच्या नावानं. आपन इद्यापीठात गेलो, पन गावातल्या नालीलेही आपलं नाव नाई!’’ सभा हसली. परंतु व्यासपीठावर एक नगरसेवक विराजमान होते, ज्यांचे नाव प्रभागातील झाडून सर्व नाल्यांच्या कोनशिलांवर होते, आणि त्यांनी हा उद्गार अर्ज समजून मनावर घेतला. महिन्याभरात मित्राच्या घरामागील नालीस त्याचे नाव द्यावे, अशी सूचना आली व त्याची संमती मागविण्यात आली. त्याने ती पटवाऱ्याच्या वळणदार अक्षरात, तिकीट चिकटवून, लेखी कळवली. अट एकच घातली, की नामकरणापूर्वी तिच्यातून पाणी वाहत असल्याचा दाखला जोडावा. फाइल अद्याप विचाराधीन आहे.