परमिट रूममधली वाईन

रत्नागिरीतल्या ‘वाईन शॉप’मध्ये वाईन असते, पण बहुधा वरच्या फळीवर, धूळ खात, हाताशी येणाऱ्या फळ्या व्हिस्की-रमच्या. बसून प्यायचे तर ‘परमिट रूम’. हे नाव १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे देणे. कागदावर दारूबंदी अजून आहे. पिणाऱ्याजवळ परवाना हवा, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा थेट आजीवन. वाईनला वय २१, कडक दारूला २५. मधली चार वर्षे संस्कृतीची.

शहरातला मारुती मंदिर भाग असो वा मांडवी, परमिट रूमच्या आतला अंधार सारखाच: काळी काच, बशीत खारे शेंगदाणे, आणि ओळखीचे कोणी दिसले की दोघांचीही नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. वाईन मागितली तर वेटर आधी तब्येतीची चौकशी करतो.

जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मान्यता दिली, शेतकऱ्यांच्या भल्यासाठी. द्राक्षे नाशिकची, कोकणाच्या वाट्याला काजू. गोव्यात काजूच्याच बोंडांची फेणी होते, २००९मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. इकडे बी काढून घेतली की बहुतेक बोंडे बागेतच कुजतात, आणि मे महिन्यात त्यांचा आंबूस वास रस्त्यापर्यंत येतो, विनापरवाना.